घराच्या जाहिरातीतला मजकूर: काय लिहावे, काय टाळावे आणि का

'प्रशस्त, हवेशीर, प्राइम लोकेशन, स्टेशनपासून पाच मिनिटे, त्वरित विकणे आहे.' वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत वर्षानुवर्षे छापले गेलेले हे वाक्य आता मॅजिकब्रिक्स, नोब्रोकर यांसारख्या संकेतस्थळांवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर येऊन बसले आहे. छोट्या जाहिरातीत शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे तिथे एवढ्यावर भागवावे लागे. संकेतस्थळावर जागेची टंचाई नाही, तरीही मजकूर मात्र तोच राहिला आहे.

दुसरीकडे जाहिरातींवरची देखरेख वाढली आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही बंधनकारक केला, आणि तेव्हापासून आपला जुना फ्लॅट विकू पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या मनात गोंधळ आहे. हा नियम आपल्याला लागू होतो का, जाहिरातीत काय लिहिले तर अंगाशी येते आणि काय लिहिले तर घर विकायला खरोखर मदत होते, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. हा लेख मुख्यतः रीसेलच्या, म्हणजे मूळ मालकाने पुन्हा विकायला काढलेल्या, फ्लॅटविषयी आहे.

वर्णनाने करायचे काम

जाहिरात वाचून कोणी घर विकत घेत नाही. जाहिरात वाचून माणूस फोन करतो आणि घर पाहायला येतो. त्यामुळे वर्णनाने दोनच कामे करायची असतात: ज्याला हे घर जमू शकते त्याला यायला लावायचे आणि ज्याला जमणार नाही त्याला घरीच राहू द्यायचे. यातले दुसरे काम बहुतेक विक्रेत्यांना तोट्याचे वाटते. प्रत्यक्षात लिफ्ट नसल्याचे न सांगितल्यामुळे गुडघेदुखीच्या आईवडिलांसह आलेले कुटुंब जिन्यातूनच परत जाते, आणि त्यात दोन्हीकडचा रविवार वाया जातो.

लग्नासाठी आलेल्या स्थळाचा बायोडेटा आपण कसा वाचतो, हे इथे आठवून पाहावे. 'सुस्वभावी, मनमिळाऊ, उच्च संस्कार' या ओळींवरून नजर सरकते आणि उंची, शिक्षण, नोकरीचे गाव, घरात कोण कोण आहे इथे ती थांबते. पहिल्या ओळी प्रत्येक बायोडेटात असतात, म्हणून त्या काहीच सांगत नाहीत. घराचा ग्राहकही 'प्रशस्त' आणि 'हवेशीर' असेच ओलांडून जातो व आकडे शोधतो. आकडे सापडले नाहीत, तर पुढच्या जाहिरातीकडे वळायला त्याला अंगठा हलवण्याइतकेच श्रम पडतात.

कार्पेटशिवाय किंमत अर्धवट

वर्णनातला सर्वात महत्त्वाचा आकडा क्षेत्रफळाचा, आणि सर्वात जास्त गोंधळही त्यातच आहे. कार्पेट म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जमीन. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६, ज्याला आपण रेरा म्हणतो, त्याच्या व्याख्येनुसार कार्पेटमध्ये आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि घराला जोडलेली खुली गच्ची मात्र धरली जात नाही. त्यात बाहेरच्या भिंती व बाल्कनी मिळवली की बिल्टअप होते, आणि त्याच्याही वर जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा चढवला की सुपर बिल्टअप होते, ज्याला ब्रोकर 'सेलेबल' म्हणतात. हा जो वाढीव भाग चढवला जातो त्याला बाजारात 'लोडिंग' म्हणतात.

समजा, एका फ्लॅटचे कार्पेट ६५० चौरस फूट आहे, लोडिंग ४० टक्के आहे आणि किंमत ९१ लाख रुपये आहे. सेलेबल क्षेत्र ९१० चौरस फूट होते आणि दर येतो १०,००० रुपये चौरस फूट. तोच फ्लॅट कार्पेटवर मोजला, तर दर होतो १४,००० रुपये. घर तेच आणि किंमतही तीच, तरी ज्या जाहिरातीत नुसते 'क्षेत्र ९१० चौरस फूट' लिहिले आहे ती शेजारच्या कार्पेट लिहिणाऱ्या जाहिरातीपेक्षा स्वस्त भासते. पण ही स्वस्ताई उंबरठ्यापर्यंतच टिकते. हॉलमध्ये पाऊल टाकताच ग्राहकाला जागा कमी वाटते आणि मग तो तुमच्या बाकीच्या सगळ्या बोलण्याकडे संशयाने पाहू लागतो.

म्हणून कार्पेटचा आकडा द्यावा, आणि तो अंदाजाने नव्हे तर नोंदवलेल्या करारनाम्यातून घ्यावा. करारनाम्यात किंवा इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडून मिळणाऱ्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, क्षेत्र बहुधा चौरस मीटरमध्ये असते; त्याला १०.७६४ ने गुणले की चौरस फूट मिळतात. एक काळजी मात्र घ्यावी लागते. रेरापूर्वीच्या अनेक करारनाम्यांत बिल्टअप क्षेत्र दिलेले असते, त्यामुळे आकड्याशेजारी कोणता शब्द आहे ते नीट वाचावे. कागदावर कार्पेट दिलेलेच नसेल तर घर मोजून घ्यावे आणि 'मोजून घेतलेले कार्पेट' असे स्पष्ट लिहावे. बाल्कनी वेगळी लिहावी. बाल्कनी बंद करून हॉलमध्ये घेतली असेल तर तेही लिहावे आणि त्याला परवानगी होती की नव्हती हेही, कारण बँकेचा माणूस मंजूर नकाशा घेऊन आला की ते निघतेच.

महारेराचा नियम माझ्या जुन्या फ्लॅटला लागू आहे का?

नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड यांची सक्ती विकासकांच्या नोंदणीकृत प्रकल्पांसाठी आहे. आपला राहता फ्लॅट विकणारा मालक विकासक नसतो, त्यामुळे त्याला प्रकल्पाची नोंदणी करण्याचा प्रश्न येत नाही. नोंदणीकृत प्रकल्पातली घरे विकून देणाऱ्या एजंटला मात्र महारेराकडे स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि महाराष्ट्रात त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आहे. रेराच्या कलम १२ नुसार खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते, पण तीही विकासकाकडून.

यावरून रीसेलच्या जाहिरातीत काहीही लिहिलेले चालते असा अर्थ काढू नये. इथे दोन जुने कायदे उभे आहेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार खोटे सांगून मिळवलेली संमती ज्याची फसवणूक झाली त्याला मागे घेता येते, म्हणजे तो करार रद्द करून मागू शकतो. आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला असा महत्त्वाचा दोष, जो विक्रेत्याला ठाऊक आहे पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही, तो सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

'मी खोटे बोललो नाही, फक्त गप्प राहिलो' हा बचाव इथे लंगडा पडतो. करार कायद्यात नुसते मौन ही सहसा फसवणूक ठरत नाही, पण बोलण्याचे कर्तव्य असताना पाळलेले मौन ठरते. आणि स्थावर मालमत्तेच्या बाबतीत ते कर्तव्य कलम ५५ ने घालून दिले आहे.

या कायद्यांचा आणखी एक पैलू लिहिणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. 'सुंदर', 'मनमोहक', 'स्वप्नातले घर' अशा शब्दांसाठी कोर्टात कोणी कोणाला खेचत नाही, कारण ती केवळ मते आहेत. '२०२१ साली टेरेसचे वॉटरप्रूफिंग झाले' हे मात्र विधान आहे आणि ते खोटे निघाले तर विक्रेता अडकतो. ग्राहकाला कायद्याची कलमे माहीत नसली, तरी हा फरक त्याला आतून कळतो. ज्या शब्दांसाठी तुम्हाला कोणी जाब विचारणार नाही, त्या शब्दांवर तो पैसे लावत नाही.

पण गोड शब्दांनीच गिऱ्हाईक येते ना?

अनेक ब्रोकर हेच सांगतात. अमेरिकेत स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास केला. त्यातली तीन हजारांहून अधिक घरे एजंटांच्या स्वतःच्या मालकीची होती, आणि ती इतरांच्या तुलनेने सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहून सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला विकली गेली. या आकड्यांवरून एजंटांविषयी बरेच बोलले गेले, पण आपल्या विषयाशी संबंधित निरीक्षण वेगळे आहे: जाहिरातीत ग्रॅनाइट, मेपलचे लाकूड अशा ठोस वस्तूंचा उल्लेख असलेली घरे चढ्या किमतीशी जोडलेली दिसली, तर 'फँटॅस्टिक', 'चार्मिंग' यांसारखे मोघम शब्द उतरत्या किमतीशी.

ग्रॅनाइट हा शब्द लिहिल्याने किंमत वाढते, असे यातून सिद्ध होत नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही असते तो ते सांगतो आणि ज्याच्याकडे नसते तो विशेषणांचा आधार घेतो, एवढे तरी त्यातून दिसते. वाचणाऱ्यालाही हे कळत असते. त्यामुळे चांगल्या घराच्या जाहिरातीत केवळ विशेषणे टाकणारा मालक स्वतःहून आपले घर दुसऱ्या रांगेत नेऊन बसवतो.

'हवेशीर' हा शब्द काढायलाच हवा असेही नाही. त्यामागचे कारण लिहिले की तो खरा वाटू लागतो. 'हॉल आणि दोन्ही बेडरूमना समोरासमोर खिडक्या. पश्चिमेला शाळेचे मैदान' या ओळीत हवेशीर हा शब्द नाही, पण हवा आहे.

पाच मिनिटे म्हणजे किती?

जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी एक सुरेख नियम आहे. स्टेशनपासून चालत किती मिनिटे लागतात हे लिहायचे असेल, तर रस्त्याच्या अंतरानुसार ८० मीटरला एक मिनिट धरायचे आणि उरलेल्या अंतरासाठी पूर्ण मिनिट मोजायचे. त्यामुळे तिथे पाच मिनिटे म्हणजे जास्तीत जास्त ४०० मीटर. आपल्याकडे पाच मिनिटे रिक्षाने, की रविवारी पहाटे दुचाकीने, की ब्रोकरच्या उत्साहाने, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. नियम नाही म्हणून आपण तो पाळू नये असे नाही. 'डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेकडील बाहेर पडण्याच्या जागेपासून ९०० मीटर, चालत साधारण १२ मिनिटे' असे लिहिणारा मालक लगेच वेगळा उठून दिसतो.

दिशेचेही तसेच. 'ईस्ट फेसिंग' म्हणजे मुख्य दरवाजा पूर्वेला आहे की बाल्कनी? वास्तू पाहणाऱ्याला दरवाजा हवा असतो आणि वाळवणाचा विचार करणाऱ्याला बाल्कनी. नागपूर-अकोल्याकडच्या माणसाला तर पश्चिमेची भिंत कोणत्या खोलीची आहे हेच आधी जाणून घ्यायचे असते, कारण एप्रिल-मेमध्ये ती खोली दुपारनंतर वापरता येते की नाही हे त्यावर ठरते.

पार्किंग आणि रिडेव्हलपमेंट

रीसेलच्या जाहिरातींत सर्वात निसरडे दोन शब्द कोणते, तर माझ्या मते हे दोन.

'कव्हर्ड पार्किंगसह' असे लिहिण्याआधी ते पार्किंग कोणत्या कागदावर आहे हे तपासावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात, महाराष्ट्रातील १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याखाली, स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या मजल्यावरची, पार्किंगची जागा हा स्वतंत्र विकण्याजोगा फ्लॅट नव्हे, असे स्पष्ट केले. जुन्या सोसायट्यांत पार्किंग अनेकदा सोसायटीने दिलेल्या वाटपावर असते. अशी जागा नव्या सभासदाला आपोआप मिळेल असे गृहीत न धरता सोसायटीला आधी विचारावे आणि जाहिरातीत 'सोसायटीच्या वाटपानुसार एक पार्किंग' असे लिहावे. पार्किंग स्टॅकचे असेल, म्हणजे एकावर एक गाड्या चढवण्याचे, तर वरचे की खालचे हेही सांगावे. मोठी गाडी असलेल्याला त्याने फरक पडतो.

'लवकरच रिडेव्हलपमेंट' हे वाक्य तर मुंबई-ठाण्यात भाव चढवण्यासाठी सर्रास वापरले जाते. सोसायटीच्या पुनर्विकासाला बऱ्याच पायऱ्या असतात. राज्य शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण सभेचा ठराव, वास्तुविशारदाचा किंवा प्रकल्प सल्लागाराचा अहवाल, निविदा, विकासकाची निवड, करार अशी ती वाट आहे, आणि अनेक इमारती पहिल्या-दुसऱ्या पायरीवर वर्षानुवर्षे थांबलेल्या असतात. त्यामुळे 'लवकरच' न लिहिता पायरी लिहावी: 'विकासकाची निवड झाली आहे, करार अद्याप नोंदवलेला नाही.' एवढ्याने ग्राहकाला आपला धोका मोजता येतो. सभेत नुसता विषय निघाला असेल, तर जाहिरातीत त्याचा उल्लेखच करू नये.

उणीव लिहिली तर घर पडून राहील

ही भीती खरी आहे, पण तिचा हिशेब चुकलेला असतो. लिफ्ट नाही, अभिहस्तांतरण (जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर होणे) झालेले नाही, पाणी सकाळी दोन तास येते, शेजारी मंगल कार्यालय आहे, या गोष्टी ग्राहकाला पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत कळणारच असतात. आधी कळल्या, तर तो किंमत त्यानुसार मनात धरूनच येतो. नंतर कळल्या, तर त्याच गोष्टींवर तो भाव पाडतो आणि वर तुम्ही लपवले असा शिक्काही मारतो.

अर्थात सगळ्या उणिवा सारख्या नसतात. किचनच्या फरशीला गेलेला तडा जाहिरातीत लिहायची गरज नाही, तो डोळ्यांना दिसतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला, नसेल तर ते लिहायलाच हवे, कारण त्यावर गृहकर्ज अडते. घरावर कर्ज बाकी आहे, भाडेकरू अमुक महिन्यापर्यंत आहे, वरच्या मजल्यावरून पावसाळ्यात ओल येते, वारसांपैकी एकाची सही बाकी आहे, या गोष्टीही सांगाव्याच लागतात. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मालकाने आपण अनिवासी असल्याचे लिहावे. निवासी विक्रेत्याच्या ५० लाख किंवा अधिक किमतीच्या घरावर खरेदीदार एक टक्का कर कापतो, अनिवासी विक्रेत्यासाठी मात्र नियम आणि दर वेगळे आहेत, आणि ही गोष्ट नोंदणीच्या आठवड्यात कळली तर व्यवहार रखडतो.

एक नमुना

कोथरूडमधल्या एका कल्पित फ्लॅटचे वर्णन असे लिहिता येईल:

'कोथरूड, पुणे. दोन बीएचके, कार्पेट ६५० चौरस फूट (करारनाम्यात ६०.३९ चौरस मीटर), बाल्कनी वेगळी ४० चौरस फूट. चार मजली इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. अपेक्षित किंमत ९१ लाख, बोलणी शक्य. इमारत १९९६ ची. भोगवटा प्रमाणपत्र आहे, सोसायटी नोंदणीकृत आहे, अभिहस्तांतरण बाकी आहे. हॉलची बाल्कनी पूर्वेला, मुख्य दरवाजा उत्तरेला. किचन २०१९ मध्ये नव्याने केले, ग्रॅनाइटचा ओटा, ड्राय बाल्कनी. पालिकेचे पाणी दोन वेळा, शिवाय बोअरवेल. सोसायटीच्या वाटपानुसार एका दुचाकीची जागा. चारचाकी रस्त्यावर लावावी लागते. मेन्टेनन्स महिना २,२०० रुपये. घरावर कर्ज नाही. मालक स्वतः राहतात, ताबा व्यवहारानंतर दोन महिन्यांत.'

यात एकही विशेषण घराची स्तुती करत नाही. पहिल्या दोन-तीन ओळींतच ठिकाण, खोल्या, कार्पेट, मजला आणि किंमत येते, कारण मोबाइलवर तेवढेच दिसते आणि पुढचे वाचायचे की नाही हे त्यावर ठरते. चारचाकी रस्त्यावर लावावी लागते, हे वाचून काही जण फोन करणार नाहीत. ते आले असते तरी घेतले नसते.

फोटोंबद्दल एवढेच, की ते मजकुराशी जुळावेत. ६५० फुटांचा फ्लॅट रुंद लेन्सने हजार फुटांचा दाखवला, तर वरचा प्रामाणिक आकडाही खोटा वाटू लागतो.

काही गोष्टी लिहू नयेत

फ्लॅट क्रमांक, किल्ली कोणाकडे असते, घर कधीपासून बंद आहे ही माहिती उघड्या जाहिरातीत देऊ नये. ती चौकशी करणाऱ्याची खात्री पटल्यावर द्यावी. 'फक्त शाकाहारी' किंवा 'फक्त अमुक समाजासाठी' अशा अटीही लिहू नयेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम २३ पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारायला मनाई करते. मग घर विकून जाणाऱ्या माणसाने पुढच्या रहिवाशाच्या ताटात डोकावण्याचे कारण मला तरी समजलेले नाही. शिवाय ग्राहक कमी होतात ते वेगळेच.

हे सगळे आता एआय लिहून देते की

देते, आणि भाषा शुद्धही असते. पण त्याला तुमचा करारनामा माहीत नसतो. 'कोथरूडमधल्या दोन बीएचकेचे आकर्षक वर्णन लिही' एवढेच सांगितले, तर रिकाम्या जागा ते नैसर्गिक प्रकाश, आधुनिक सुविधा आणि शांत परिसर यांनी भरते आणि प्रसंगी नसलेली लिफ्टही बसवते. जाहिरात तुमच्या नावावर असते, त्यामुळे त्या लिफ्टचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागते. म्हणून आधी करारनामा, इंडेक्स टू, भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), सोसायटीची शेवटची पावती आणि भोगवटा प्रमाणपत्र समोर घेऊन वरच्या नमुन्यासारखी माहिती स्वतः लिहावी, आणि मग हवे तर वाक्यरचना त्याच्याकडून नीट करून घ्यावी. परत आलेल्या मजकुरातले प्रत्येक विधान कोणत्या कागदावर आहे हे पेन्सिलीने समासात लिहीत जावे. ज्या विधानासमोर समास रिकामा राहील ते विधान खोडावे, आणि टोकन घेतल्यावर जाहिरात त्याच दिवशी उतरवावी, नाहीतर फोन पुढचे सहा महिने येत राहतात.